‘जंटलमन’ बसवायचंय? मग ड्रम्स सगळ्यात शेवटी आणा

तुमचा प्रश्न मी असा वाचला. आठ जणांचा बँड आहे: ड्रम्स, बेस, दोन गिटार, कीबोर्ड, एक टेनर सॅक्सोफोन, एक गायिका आणि काँगोवर (हाताने वाजवायच्या उंच ढोलांवर) मुळात तबला शिकलेला एक मुलगा. नायजेरियन गायक फेला कुटीच्या १९७३ सालच्या ‘जंटलमन’ या अल्बमचं शीर्षकगीत तुम्हाला बसवायचंय. तुमच्या ड्रमरने फेलाचा ड्रमर टोनी ॲलन याचा ठेका व्हिडिओ बघून जसाच्या तसा उचललाय, तरी सगळे मिळून वाजवायला लागलात की ते ‘कुठल्याही फंक जॅमसारखं’ वाटतं आणि चौथ्या-पाचव्या मिनिटाला वाजवणाऱ्यांनाच कंटाळा येतो. म्हणून विचारताय की ड्रमर नेमका कुठे चुकतोय, आणि साडेचौदा मिनिटांचं गाणं कापून पाच मिनिटांचं केलं तर चालेल का.

मी ड्रम्स शिकवतो आणि नव्या बँडना गाणी बसवून देतो. ही तक्रार माझ्याकडे नेहमी येते आणि दरवेळी सगळ्यांचं बोट ड्रमरकडेच असतं. माझ्या अंदाजाने तुमचा ड्रमर फारसा चुकत नाहीये. बाकीचे सात जण एक गोष्ट गृहीत धरून बसलेत, की ठेका ड्रमरने धरायचा आणि आपण त्यावर आरामात बसायचं. ‘जंटलमन’मध्ये ठेका कुणा एकाच्या हातात नाहीच. शेकेरे नावाचा खुळखुळा, काठ्या, काँगो, दोन गिटार, बेस आणि ड्रम्स यांनी तो आपसात वाटून घेतलाय. त्या वाटणीत ड्रम्सच्या वाट्याला आलेला भाग सगळ्यात मोकळा, सगळ्यात गप्पिष्ट आहे. तुम्ही नेमका तोच उचललात आणि ज्यांच्याशी गप्पा मारायच्या ती माणसंच जागेवर नाहीत.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. श्रोते खुर्च्यांवर बसणार की उभे राहून नाचणार? एकच सॅक्सोफोन आहे, की एखादा ट्रंपेटवाला उसना मिळू शकतो? तुमचा बेसवादक एकच ओळ दहा मिनिटं न कंटाळता वाजवू शकतो का? यातला तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. त्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरं गाणं निवडा, मी रागावणार नाही.

आधी हा अल्बम कुठून आला ते सांगतो. इतिहासाचा कंटाळा असेल तर चार परिच्छेद सोडून पुढे जा. मी स्वतः बँडला बसवताना हे सोडत नाही, कारण कुठलं वाद्य काय करतंय याचं कारण तिथेच सापडतं.

फेला रॅन्सम-कुटी हा नायजेरियातल्या अबेओकुटाच्या सुशिक्षित घरातला मुलगा. वडील पाद्री आणि शाळेचे मुख्याध्यापक, आई फुनमिलायो ही नायजेरियातली नामांकित स्त्रीहक्क कार्यकर्ती. १९५८ साली तो लंडनला गेला तो घरच्यांच्या समजुतीप्रमाणे डॉक्टर व्हायला. तिथे त्याने ट्रिनिटी कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये नाव घातलं. त्याचं वाद्य होतं ट्रंपेट आणि बँडचं नाव कुला लोबिटोस. वाजवायचे ते हायलाइफ आणि जॅझचं मिश्रण. हायलाइफ म्हणजे घाना आणि नायजेरियातलं नाचाचं संगीत: ब्रासच्या (ट्रंपेट-सॅक्सोफोनसारख्या फुंकवाद्यांच्या) गोड चाली, झुळझुळणारं गिटार, हलकी लय. १९६३ साली तो लागोसला परतला आणि १९६४ साली त्याला टोनी ॲलन भेटला. ॲलन कुठल्याही शाळेत ड्रम्स शिकलेला नव्हता. आर्ट ब्लेकी आणि मॅक्स रोच या अमेरिकन जॅझ ड्रमरांच्या रेकॉर्डी ऐकून त्याने हात तयार केला होता. हायलाइफच्या बँडमध्ये हायहॅटकडे, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीकडे, फारसं कुणी बघत नसे. ॲलनने ती रोचसारखी बोलती केली. तुमच्या ड्रमरला हे जरूर सांगा, कारण तुम्ही ज्याला फंक समजताय त्याची मुळं अर्धी जॅझमध्ये आहेत.

साठच्या दशकाच्या मध्यावर लागोसमध्ये सोल संगीताची लाट आली. सिएरा लिओनचा जेराल्डो पिनो अमेरिकन सोल-फंक गायक जेम्स ब्राऊनची गाणी घेऊन गावोगावी गर्दी खेचू लागला आणि फेलाचं जॅझमिश्रित हायलाइफ लोकांना जुनाट वाटायला लागलं. १९६९ साली फेला बँड घेऊन अमेरिकेला गेला. दौरा आर्थिकदृष्ट्या फसला आणि व्हिसाची भानगड मागे लागली, पण लॉस एंजेलिसमध्ये त्याची गाठ सँड्रा नावाच्या मुलीशी पडली. ही सँड्रा इझिडोर कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर चळवळीच्या वर्तुळात वावरणारी. तिने त्याला कृष्णवर्णीय नेता माल्कम एक्सचं आत्मचरित्र वाचायला लावलं. त्याच मुक्कामात ‘माय लेडीज फ्रस्ट्रेशन’ हे गाणं झालं आणि आपलं पहिलं खरं आफ्रोबीट (हायलाइफ, जॅझ आणि फंक मिसळून झालेलं त्याचं संगीत) तेच, असं फेला पुढे म्हणायचा. त्या सुमाराची रेकॉर्डिंग्ज ऐकलीत तर जाणवेल की मसाला सगळा जमलाय, पण गाणी अजून आखूड आहेत. जिथे खरी मजा सुरू व्हायची तिथेच ती संपतात.

परतल्यावर बँडचं नाव आधी नायजेरिया ७० आणि मग आफ्रिका ७० झालं. १९७१ साली ‘जेउन कोकू’ हे एका खादाडावरचं गाणं पश्चिम आफ्रिकेत तुफान चाललं. त्याच वर्षी लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत निमंत्रित श्रोत्यांसमोर एक अल्बम रेकॉर्ड झाला. त्यात क्रीम या ब्रिटिश रॉक बँडचा जिंजर बेकर पाहुणा ड्रमर होता. तो अल्बम पुष्कळांना आवडतो, मलाही आवडतो. पण नव्या बँडला शिकण्यासाठी मी तो देत नाही, कारण दोन मोठे ड्रमर एकत्र आले की कान ड्रम्सवरच खिळतो आणि तुमचा आजार तोच आहे. १९७२ च्या ‘शकारा’मध्ये रेकॉर्डच्या प्रत्येक बाजूवर एकच गाणं आहे, तेरा-तेरा मिनिटांचं. इथे आफ्रोबीटला हवी तेवढी जागा मिळाली. छोट्या रेकॉर्डवर तीन-चार मिनिटं बसायची, म्हणून मोठी गाणी तोडून भाग एक, भाग दोन असे करावे लागत. मोठ्या रेकॉर्डची अख्खी बाजू मिळाली आणि क्लबमध्ये जसं वाजायचं जवळजवळ तसंच गाणं घरी ऐकता येऊ लागलं.

मग आला ‘जंटलमन’. पहिली बाजू भरून शीर्षकगीत, दुसऱ्या बाजूला ‘फेफे ना एफे’ आणि ‘इग्बे’, आठ-आठ मिनिटांच्या आसपास. टेनर सॅक्सोफोनवाला इगो चिको बँड सोडून गेला होता. तेव्हा फेलाने ते वाद्य स्वतःच उचललं आणि फार थोड्या काळात त्यावर उभा राहिला. शीर्षकगीतातला तो लांबलचक सॅक्सोफोन त्याचाच. खरं सांगायचं तर वादक म्हणून तो चिकोच्या तोडीचा नाही. सूर खरबरीत आहे, वाक्यं आखूड आहेत आणि बोटं अडतात तेही ऐकू येतं. तरी या गाण्याला मला तोच हवा. अवघड काही वाजवताच येत नसल्यामुळे तो दोन शब्द बोलतो, थांबतो, बाकीच्यांना बोलू देतो आणि मग परत दोन शब्द बोलतो. तुमच्या सॅक्सोफोनवाल्याने यातलं काही घ्यायचंच असेल तर ते थांबणं घ्यावं.

आता वाद्यांकडे येऊ. आफ्रिका ७० मध्ये गिटार, बेस, ब्रास, कीबोर्ड या सगळ्यांचे भाग फेला स्वतः बांधायचा आणि ज्याचे त्याला शिकवायचा. अपवाद एकच, टोनी ॲलन. त्याचा भाग तो स्वतः शोधायचा. आधी बाकीच्यांचं काय चाललंय ते ऐकायचा आणि मग उरलेल्या फटींमध्ये आपलं वाजवायचा. म्हणजे तुमच्या ड्रमरने जो ठेका व्हिडिओवरून पाठ केलाय तो मुळात दुसऱ्यांच्या भागांना दिलेलं उत्तर आहे. तुमच्या बँडमध्ये त्याला प्रश्नच कुणी विचारत नाहीये.

थरावार सांगतो. तळाशी शेकेरे: भोपळ्याभोवती मण्यांची जाळी, ती अखंड चालू राहते आणि लयीला खरखरीत पोत देते. तिच्यासोबत काठ्या, ठरलेल्या जागी टणक आवाज. मग काँगो: काही जण पायाभूत चाल धरतात आणि एक जण वर बोलतो. मग दोन गिटार, आणि तुमच्याकडे सगळ्यात जास्त गडबड इथे असणार. त्यातलं एक गिटार आखूड, कोरडे कॉर्ड (एकदम छेडलेले अनेक सूर) मारतं. दुसऱ्याला या बँडमध्ये टेनर गिटार म्हणतात. वाद्य नेहमीचंच असतं, फक्त ते कॉर्ड वाजवतच नाही. तळहाताने तारा दाबून एकेका सुराची छोटी ओळ फिरवत राहतं. ती ओळ बेसच्या ओळीशी अशी गुंतते की लांबून दोन्ही एकच वाद्य वाटावं. बहुतेक बँडमध्ये दोन्ही गिटारवाले कॉर्डच मारतात आणि मग त्या दोघांच्या मध्ये सुई शिरायला जागा उरत नाही.

बेस फार वाजवत नाही. दोन आवर्तनांची एक ओळ असते आणि तिच्यात ठळक गाळलेल्या जागा असतात. त्या जागा पवित्र माना. तुमच्या बेसवादकाला तिथे हात चालवायची खुमखुमी येईलच. त्याला सांगा की तिथे किक ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, बोलणार आहे.

आणि ड्रम्स. ॲलनचं वैशिष्ट्य म्हणजे चारही हातपाय चार वेगळ्या माणसांचे असावेत तसे चालतात, आणि तेही हळू आवाजात. स्नेअरवर (समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमवर) जेमतेम ऐकू येतील असे हलके टोले विखुरलेले असतात, हायहॅट अनपेक्षित जागी क्षणभर उघडते आणि किक बेसशी हुज्जत घालत फिरते. आता तुमच्या ‘फंकसारखं वाटतं’ या मुद्द्याचं उत्तर. जेम्स ब्राऊनच्या फंकमध्ये पहिल्या मात्रेवर सगळा बँड एकत्र येऊन आपटतो. त्या संगीताची सगळी रचनाच त्या आपटण्याभोवती आहे. ॲलन पहिल्या मात्रेवरून बहुतेक वेळा तरंगत पुढे जातो. ती कुठे आहे ते सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कुणी ओरडून सांगत नाही. तुम्ही सगळे मिळून तिथे जोर देत असाल (किकही, बेसही, दोन्ही गिटारंही, वर क्रॅश ही मोठी झांजही) तर ड्रमरने बाकीच्या पंधरा जागा कितीही अचूक भरल्या तरी ऐकणाऱ्याला फंकच ऐकू येणार.

तुमच्या तबला शिकलेल्या मुलाला हे सर्वात अवघड जाईल आणि नंतर सर्वात आधी जमेल. अवघड यासाठी की समेवर येण्याचा आनंद त्याच्या हाताला जडलेला आहे. तिहाई टाकून समेवर धाड्‌कन उतरणं त्याला जानेवारीपर्यंत बंद करायला सांगा. (तुमचा कार्यक्रम जानेवारीत आहे असं लिहिलंय म्हणून जानेवारी.) जमेल यासाठी की सोळा मात्रांचा हिशेब डोक्यात सतत चालू ठेवून वर मोकळं बोलणं त्याला आधीपासून येतं, जे ड्रमरांना शिकवायला मला महिने लागतात.

तालमीचा क्रम मी असा लावतो. पहिल्या दिवशी ड्रम्स आणि गिटार दोन्ही बंद. आठही जण टाळ्या आणि काठ्या घेऊन उभे राहतात. सोळा मात्रांचं आवर्तन धरायचं आणि ते तीन, तीन, चार, दोन, चार असं फोडायचं. प्रत्येक गटाच्या सुरुवातीला एक टाळी, म्हणजे टाळ्या पडतात पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर. हा नमुना पश्चिम आफ्रिकेत आणि अटलांटिकच्या पलीकडे क्यूबात सगळीकडे भेटतो. ‘जंटलमन’मध्ये काठ्या हेच वाजवतात असं मी म्हणत नाही, हा कान तयार करायचा व्यायाम आहे. पायाने सरळ चार ठोके धरून हाताने हा नमुना वाजवायचा आणि वाजवताना एकमेकांशी नेहमीच्या गप्पा मारायच्या. चहा सांगितला का, पुढची तालीम कधी, काहीही. बोलताना हात अडखळला की समजायचं, अजून मुरलेलं नाही.

मग शेकेरे आणि काँगो. शेकेरे गायिकेच्या हातात द्या. तुमच्याकडे नववा माणूस नाही आणि गाणं सुरू होईपर्यंत ती नुसती उभी राहणार. ती शेकेरे धरून नाचायला लागली की बँडची लय कुठल्याही मेट्रोनोमपेक्षा पक्की होते. खरी शेकेरे मिळाली तर उत्तम, नाहीतर जाडसर दाण्यांचा मोठा शेकर चालेल. बारीक अंड्याच्या आकाराचा नको, त्याचा आवाज फार पातळ असतो.

तिसरा थर बेस आणि टेनर गिटार, फक्त दोघे. बाकीच्यांनी ऐकायचं. दोघांनी समोरासमोर बसून, ॲम्प्लिफायर कमी ठेवून, एकमेकांच्या सुरांवर एकही सूर नकळत पडणार नाही इतकं घासायचं. हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि ऐंशी टक्के गाणं इथेच बसतं. त्यावर कोरडं गिटार, मग कीबोर्ड. या पायरीवर गाणं ड्रम्सशिवायच नाचायला लावणारं वाटलं पाहिजे. वाटत नसेल तर पुढे जाऊ नका. मी तरी ड्रमरला तोपर्यंत स्टुलावर बसूच देत नाही. तो चिडतो. चिडू द्यावा. कारण शेवटी तो बसतो तेव्हा त्याला पाठ केलेलं सगळं वाजवायला जागाच सापडत नाही, मग तो निम्मं गाळतो आणि उरलेलं ॲलनसारखं ऐकू यायला लागतं.

वेगाबद्दल एक इशारा. हे गाणं नव्या बँडकडून हटकून पळतं, कारण आत इतकं काही चाललेलं असतं की हात उतावळे होतात. तुम्हाला जो वेग बरा वाटतो त्यापेक्षा थोडा कमी धरा. पहिली दोन मिनिटं जराशी जड वाटली तर उत्तम. फोनवर रेकॉर्ड करा आणि पहिला व शेवटचा मिनिट पाठोपाठ ऐका. फरक लगेच कळतो.

आता कापाकापी. पाच मिनिटांचं करू नका. मूळ गाण्यात शब्द यायला बराच वेळ लागतो. तोपर्यंत वाद्यं एकमेकांत मिसळतात, ब्रासची ठळक ओळ येते, सॅक्सोफोन फिरून येतो, पुन्हा ब्रास. हा काळ ‘प्रस्तावना’ समजून कापला तर शब्द ज्या जमिनीवर उभे राहायचे ती जमीनच जाते. फेलाच्या बँडमध्ये गाणं आधी लागोसच्या क्लबमध्ये, ज्याला पुढे श्राइन म्हणू लागले तिथे, रात्रीमागून रात्री वाजायचं आणि मुरलं की रेकॉर्ड व्हायचं. रेकॉर्ड झालं की ते मंचावर वाजवणं बंद, लोकांनी कितीही मागणी केली तरी. म्हणजे आपण जे ऐकतो ती त्या गाण्याच्या आयुष्याची जवळजवळ अखेर आहे, आणि तुम्ही तीन तालमीत तिथे पोचायचं म्हणताय.

तुम्हाला वीस मिनिटं मिळाली आहेत असं लिहिलंय. मी असतो तर त्यातली दहा-बारा मिनिटं या एकाच गाण्याला दिली असती. कापायचंच असेल तर सोलो कापा. कीबोर्डचा सोलो पूर्ण गेला तरी चालेल, सॅक्सोफोनचा निम्मा करा. थर जमवायची पहिली दोन-तीन मिनिटं मात्र तशीच ठेवा. श्रोते खुर्च्यांवर बसणारे असतील तर त्या मिनिटांत वाद्यं एकेक करून आणा, म्हणजे बघायला काहीतरी राहतं. नाचणारे असतील तर सगळे एकदमच सुरू करा, नाचणारा माणूस वाट बघत नाही.

ब्रासचा प्रश्न खरा आहे. मूळ बँडमध्ये ट्रंपेट, टेनर आणि तळाला लेकान ॲनिमशॉनचा बॅरिटोन सॅक्सोफोन आहे. एकट्या टेनरवर ती ओळ उघडी पडते. बॅरिटोनची खालची बाजू कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताला द्या, आवाज ऑर्गनचा ठेवा. सिंथेसायझरमधला नकली ब्रास कृपा करून वापरू नका, तो लग्नाच्या बँडसारखा वाजतो. आणि ब्रास जे बोलतो त्याला उत्तर द्यायला कोरस हवा. पोवाड्यात झीलकरी जे काम करतात तेच इथे आहे: शाहिराने टाकलं की झील उचलायची, मागे पडायचं नाही आणि पुढेही धावायचं नाही. दोन्ही गिटारवाले आणि बेसवाला वाजवता वाजवता झील देऊ शकतात. एका सुरात न गायले तरी चालेल, एका दमात गायले पाहिजेत.

आता शब्द. तुम्ही विचारलं नाहीये, पण गायिका पिजिन इंग्रजी (पश्चिम आफ्रिकेतली रस्त्यावरची मिश्र इंग्रजी) जसंच्या तसं म्हणणार असेल तर थोडं थांबा. फेलाने आपली मातृभाषा योरुबा सोडून पिजिन धरली ती नायजेरियाबाहेर, घानात, कॅमेरूनमध्ये, रस्त्यावरच्या माणसाला समजावं म्हणून. गाण्याचा विषय साधा आहे. आफ्रिकेत ऊन आहे आणि हा साहेब मोजे घालतो, बूट घालतो, आत बनियन, वर शर्ट, टाय, कोट, डोक्यावर हॅट, मग घामाने भिजतो, भोवळ येऊन पडतो आणि वास मारतो. मी असला जंटलमन नाही, मी अस्सल आफ्रिकी माणूस, असं फेला ठणकावतो. मुखपृष्ठावर सुटाबुटातलं माकड आहे. देश स्वतंत्र होऊन १३ वर्षं झाली होती, गृहयुद्ध संपून तीन, आणि कचेऱ्यांमधला साहेबी थाट तसाच होता. गंमत म्हणजे त्या मुखपृष्ठावर गायकाचं नाव अजून फेला रॅन्सम-कुटी असंच आहे. ते इंग्रजी रॅन्सम त्याने त्यानंतर थोड्याच काळात टाकलं आणि त्या जागी अनिकुलापो घेतलं.

हे शब्द आपल्याकडच्या गायिकेने लागोसचा हेल काढून म्हटले की नक्कल वाटते आणि गाण्यातला साहेब नेमका तोच आहे, दुसऱ्याचे कपडे घातलेला. दोन मार्ग आहेत. एक म्हणजे मूळ शब्द आपल्या नेहमीच्या उच्चारात, सरळ, हेल न काढता म्हणायचे. दुसरा मला जास्त आवडतो: मुखडा मूळचा ठेवायचा आणि मधली कपड्यांची यादी मराठीत आपली लिहायची. मे महिन्यात ब्लेझर घालून मुलाखतीला जाणारा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. लिहिताना ओळी आखूड ठेवा. लांब ओळ आली की गायिका ठेक्यावर ओणवी होते आणि झील द्यायला जागा राहत नाही.

थोडक्यात क्रम असा: टाळ्या, शेकेरे-काँगो, बेस-टेनर गिटार, कोरडं गिटार, कीबोर्ड, ड्रम्स, सॅक्सोफोन, शब्द. घाई झाली तर शेवटचे दोन कच्चे राहू द्या, पहिले तीन नकोत.

ऐकण्याबद्दल. आठही जणांनी एकत्र बसून गाणं लावा. पहिल्यांदा फक्त टेनर गिटारचा पाठलाग करायचा, दुसरं काही नाही. दुसऱ्यांदा फक्त बेस. तिसऱ्यांदा हायहॅट कुठे उघडते तिथे बोट वर करायचं. हेडफोन हवेत, फोनच्या स्पीकरवर बेस गायब होतो आणि मग तुम्ही अर्धंच गाणं ऐकता. तुम्ही संदर्भ म्हणून आजचा नायजेरियन गायक बर्ना बॉय याची दोन गाणी दिलीत. ती चांगली आहेत, आणि त्याचे आजोबा बेन्सन इडोनिजे फेलाचे पहिले मॅनेजर होते, म्हणजे घरोबाही खरा आहे. पण आजचं आफ्रोबीट्स हे बहुतांशी संगणकावर बांधलेलं, आखूड गाण्यांचं पॉप आहे. तिथून ड्रमरला या गाण्यासाठी काही मिळणार नाही. त्याला ‘जंटलमन’ची दुसरी बाजू ऐकायला द्या. ‘फेफे ना एफे’ आखूड आहे आणि वाद्यं मोकळी ऐकू येतात.

शेवटचं, कार्यक्रमाच्या दिवसाचं. साउंडवाला सवयीने आधी किक ड्रमला माइक लावेल आणि शेकेरेला लावणारच नाही. त्याला आधीच सांगून ठेवा: पहिला माइक शेकेरेला, दुसरा काँगोला, टेनर गिटार मॉनिटरमध्ये (मंचावर वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) सगळ्यांना. हॉल लहान असेल तर ड्रम्सला माइकची गरजच पडणार नाही, ड्रमरला मंचाच्या मध्यावर न ठेवता बेसवाल्याच्या शेजारी बसवा. तालमीचं रेकॉर्डिंग इथे टाकलंत तर ऐकून सांगतो, पण टाकायचं असेल तर ड्रम्स येण्याआधीचं टाका.